दयारामचे सात तवे

खरखर येतेच भाऊ, त्या मशीनचे कान उगाच पिरगाळू नोका — दोष मशीनचा नाही, ह्या गान्याच्या तव्याचा हाये. ऊन लागलं त्याले, येष्टीच्या टपावर. माहा पोरगा दयारामच सांगे मले. तुमी मुंबईहून एवढ्या लांब आले, माह्या पोरासंगं हाटेलच्या बँडात दहा वर्स वाजोलं तुमी, तुमाले मी खोटं काऊन सांगू? सात तवे हायेत, पाहून घ्या. मरायच्या आधी त्यानंच लिहलं ना तुमाले, का हे सात तुमी न्यावे — मंग ते तुमचेच. बाकीचे दवापान्यात गेले, पन ह्या साताले हात लावू दिला नाही. म्हने, बाबा, जाझ ऐकनाऱ्याच्या घरात दुसरं काही नसलं तरी चालते, हे सात पाह्यजेतच. बोटीवरच्या खलाशाइपासून एकेक करून जमोलेले होते त्यानं.

मले काय समजे जाझ? मी लग्नात बाजा लावनारा मानूस — चाबीची पेटी, भोंगा, आन् तवे. चिखलीपासून देऊळगाव राजापर्यंत कोनालेही इचारा, पुंजाजीचा तवा कधी अडकला का? नाही अडकला! काऊन? तर दर तव्याले कोरी सुई. लोक एका सुईवर अख्खं लग्न काढतात, चेंगट लेकाचे. पन पोरगं ते जाझ फुंकाले लागलं तर मीच म्हन्लं होतं, हे गानं होय का गाढवाचं रेकनं? निंघ घरातून. निंघाला. दहा वर्स कागद नाही. मंग एकदम चिठ्ठी — बाबा, छातीनं दगा देल्ला, आता फुंकवत नाही, नुसतं ऐकाचं राह्यलं, घरी येतो. तव्याची ट्रंक आधी पाठोली, तो आपलं हे इजेचं मशीन घेऊन महिन्यानं येनार. मी म्हन्लं, पुंजा, तुहा पोरगा येऊन राह्यला, त्याच्यासंगं बोलाले तुह्यापाशी एक तरी गोष्ट पाह्यजे का नाही?

म्हनून शिकलो भाऊ मी — या वयात! रोज दुपारी ट्रंक उघडाची, साती तवे ऐकाचे. माह्या पेटीवर ते लय पळत, तर बोट टेकवून हळू करो — हा पाहा घट्टा. आधी नुसता कल्ला वाटे. मंग त्या निळ्या पुठ्ठ्यावाल्यात एक बाई गाते ना — अक्षर समजत नाही, पन वाटते हिचं माहेरचं कोनी मेलं. रडलो मी. एकटा बसून रडलो. अव सुभद्रे, पाहुन्याले चाय आन व!

तो आला तर उंबऱ्यातच सांगतलं — दया, मी सारे ऐकले! रोज ऐकले! त्यानं माह्याकडे पाह्यलं, कोपऱ्यातल्या पेटीकडे पाह्यलं. तेथंच खाली बसला. मले वाटलं, दम लागला. मंग हसला, म्हने, बाबा, तुमाले कोनता आवडला? दहा वर्सानं बोलला भाऊ माह्यासंगं! तेथून चार महिने, रोज दुपारी, बापलेक बाजूबाजूले बसून हेच तवे. खरखर आली का तोच म्हने, टपावर ऊन लागलं, बाबा.

काय पाहून राह्यले उजेडात धरून? — कोनत्या पेटीवर? हेच, माही. — सुई? लोखंडाची, आनखी कशाची असते? कोरी म्हन्लं ना, दर टायमाले कोरी, दोनी बाजूले — काऊन मान हालोली तुमी? नाही, सांगाच. — उन्हानं वाकला असता? हाव... वाकते. लग्नाच्या मांडवात पाह्यले मी, पापडावानी होतात. हा तर सपाट हाये. — नरम असतात हे, माह्या लग्नातल्या तव्याइपेक्षा? आन् लोखंडाची सुई त्याइले... पुरा खरडून काढते? एकाच खेपेत?

मी तर महिनाभर वाजोले.

म्हंजे उंबऱ्यातच कळलं त्याले. पेटीकडे पाह्यलं तेव्हाच कळलं. आन् मी मूर्ख, रोज इचारो — दया, मजा येते ना? "हाव बाबा, लय येते." अरे बाप्पा... त्याच्यापाशी ऐकनं तेवढं राह्यलं होतं हो, तेही म्या खाल्लं. आन् मले वाईट वाटू नाही म्हनून मरेपर्यंत ती खरखर ऐकत बसलं माहं लेकरू.

उठा तुमी. मलकापूरची येष्टी निंघून जाईन. तवे न्या नाहीतर ठेवा, मले काही इचारू नोका — जा म्हन्लं ना, भाऊ. जा.