पाकिटातली चिंच

— अगं, ते नको ओतूस. तांदळाचं पहिलं धुवण फेकायचं, दुसरं ठेवायचं — त्यातच डुकराच्या बरगड्या शिजवायच्या, तेव्हा कुठे सिनिगांगच्या साराला अंग येतं. हे का मी तुला शिकवायचं, जोविलिन? आपल्याच देशातल्या, इलोइलोच्या घरात वाढलीस ना तू? घाबरलीयस, दुसरं काही नाही. बस जरा. रविवारी मी गेले की हे सगळं तुझ्याच गळ्यात — आत झोपल्यात ना ओर्नेलाबाई, त्यांना ह्या आंबट साराशिवाय काही उतरत नाही घशाखाली. पास्ता ठेवलास तर तोंड फिरवतात. जन्म रोमात गेला बाईंचा आणि डोहाळे आपल्याकडचे! मीच लावली सवय. एकोणीस वर्षं एकाच चुलीपाशी उभी आहे, मला तरी दुसरं काय येतंय.

मुळा जाड काप. पालक शेवटी. आणि आंबटाला हे पाकीट — अर्धंच हं. ताजी चिंच कुठली इथे? ह्या पाकिटानं माझं नाक कापलंय, सांगते. गेल्या मे महिन्यात गावी, बातांगासला गेले होते ना, नऊ वर्षांनी — म्हटलं, लेकीला आपल्या हातचं सार घालू. रोवेनाला पाच वर्षांची टाकून आले होते मी — टाकून नाही गं, बहिणीकडे ठेवून, मिलाकडे. तर सगळी जेवायला बसली, पोरीनं एक घोट घेतला नि चमचा खाली ठेवला. म्हणाली, "आई, दारात चिंच आहे." दारात झाड, लगडलेलं, त्याखालून मी दिवसभर ये-जा करत होते — आणि फोडलं काय, तर इथून बांधून नेलेलं पाकीट! हात आपसूक तिकडेच गेला. सगळे हसले, मीही हसले. रोवेना तेवढी हसली नाही. मागे भांडी विसळताना मिलाला हळूच म्हणाली, "पाहुण्यांना कुठलं ठाऊक असायला." मिला रागावली तिच्यावर. पण पोर खोटं थोडंच बोलली?

आता सातवा लागलाय तिला. म्हणून तर कायमची निघालेय — बाळंतपणाला आईच लागते ना? बोलावलंय का म्हणजे? आईला काय बोलवायचं असतं... परवा फोन केला, म्हटलं रविवारी निघते. तर म्हणाली, मिलामावशी आहे ना इथे, तू कशाला दगदग करतेस. काळजीपोटीच म्हणाली असेल. नसेलही. मला खूप वाईट वाटलं, जोविलिन. तिला मिरची सोसते की नाही, एवढंसुद्धा मला ठाऊक नाही. ह्या म्हातारीला किती सोसते ते डोळे मिटून सांगेन.

उठल्या बघ. भिंत वाजवताहेत. नाही, तू नको जाऊस — तू बस — किंवा असं कर, बसूही नकोस. कोट घाल तुझा. बाईंच्या मुलाला मी कळवते, जागा रिकामी नाही म्हणून. माझ्या ओळखीत दुसरं घर निघालं तर तुलाच पहिलं सांगेन, आईशप्पथ. असं बघू नकोस माझ्याकडे. तुझी नड मला कळत नाही असं नाही गं, पण मी तिकडे जाऊन करू काय?

जा आता. सार निवेल त्यांचं.