तासानं घ्या, असं अंगद म्हणत होता

मंडळी, आयाबायांनो, बसून घ्या. मागं उभे हायत त्यांनी पुढं या, सतरंजी रिकामी हाय. पुढं बसायला आज कुणाला नको वाटतंय, ते मला कळतंय. मला बी इथं उभं राहायला नको वाटत होतं. सकाळपासून दोनदा चप्पल घातली अन् दोनदा काढली. सरपंच म्हणले, अंगदबद्दल चार शब्द बोला. चार शब्दांत होत न्हाई. माझा राग चार शब्दांत मावत न्हाई, अन् तो आधी कुणावर काढू तेही कळत न्हाई.

अंगदच्या सासरची मंडळी दिंद्रुडहून आलीत. त्यांना माहीत असावं म्हणून सांगतो. मी आश्रुबा. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. गावानं तलावातला गाळ काढायला समिती केली, तिचा मी सचिव. जन्मभर तिकिटं फाडली म्हणून कागदाचं काम माझ्या गळ्यात पडलं. अंगद आपल्या तलावात पोकलेन चालवत होता. चार दिवसांमागं त्याच पोकलेनचा बूम, म्हणजे मशीनचा तो लांब लोखंडी हात, त्याच्या अंगावर आला. अंगद जागेवर गेला. मागं बायको मीरा, दोन लेकरं, अन् शेळ्या राखणारे म्हातारे वडील, बापू. ते हे समोर बसलेत.

उद्या केजला पोलीस जबाब घेणार हायत. अन् काय सांगायचं ते गावात ठरलंय. बैठक कुणी घेतली न्हाई. पण टपरीवर, डेअरीवर, या पारावर चार दिवस एकच वाक्य फिरतंय. "ऑपरेटरचीच चूक हाय. बूम वर असताना खाली जायचं असतं का?" लई सोपं वाक्य हाय मंडळी. मशीनचा मालक सुटला, समिती सुटली, गाव सुटलं. अडकला कोण? जो उत्तर द्यायला न्हाई तो. जबाबात चूक त्याची लिहिली गेली की मीराला भरपाई कोण देणार? कुणी न्हाई. वर त्या लेकरांनी जन्मभर ऐकायचं, तुमचा बाप स्वतःच्या चुकीनं मेला.

मी आज ते वाक्य खोडायला उभा हाय.

आठवा जरा. उन्हाळ्याच्या तोंडाला इथंच बैठक झालती. मशीन विकत घ्यायची, तासाच्या भाड्यानं घ्यायची, का महिनेवारीनं, एवढंच ठरवायचं होतं. काही जणांना विकतच पायजे होती. जुनी का होईना, पण गावाची. बूमवर गावाचं नाव रंगवायचं, इथपर्यंत बोलणं गेलतं. रंग कोणता, त्यावरनं दोघं भांडले. त्यांची नावं घेत न्हाई, दोघंही इथंच हायत.

मग कुणीतरी म्हणलं, अंगदला विचारा. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. रस्त्यावर मशीन चालवली, कालव्यावर चालवली, परळीला वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर चालवली. त्याला बोलावलं. तो आला अन् दाराशी उभा राहिला. आत ये, बस, असं आपल्यातल्या एकानंही म्हणलं न्हाई. तो उभ्यानंच बोलला.

"काका, विकत घेऊ नका. काम दोन महिन्याचं, मशीन वर्षभर पोसावी लागंल. पावसाळ्यात उभी राहिली की पाइप उंदरं खातील, अन् सगळ्यांची म्हणल्यावर तिच्याकडं कुणीच बगणार न्हाई. तासानं घ्या. तासानं घेतली की मालक स्वतःचा ऑपरेटर पाठवतो, डोळ्यात तेल घालून जपतो. ग्रीस मारायला थांबली, पाइप बदलायला थांबली, तो वेळ त्याचा. आपल्याला कुणाच्या मागं लागायचं कारण न्हाई."

मागून एकजण म्हणला, "अन् तू काय करशील बे? मालकाचा ऑपरेटर आल्यावर तू घरी बसशील."

अंगद हसला. म्हणला, "बसंन की. शेळ्या हायत."

बगा मंडळी. स्वतःचं काम जात होतं, तरी माणूस खरं बोलत होता. त्या बैठकीत स्वतःचं सोडून बोलणारा तो एकटाच होता. अन् आपण त्याला हसलो.

मग मी बोललो. मी म्हणलं, महिनेवारी घेऊ. कोरी, म्हणजे नुसती मशीन. डिझेल आपलं, ऑपरेटर आपला, अंगद हायच की घरचा. महिनाभर मशीन आपल्या ताब्यात, पायजे तितकी चालवू. "पायजे तितकी" म्हणल्यावर कसे खुलले होते सगळे. सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. अंगद म्हणला, "काका, पायजे तितकी कुठलीच मशीन चालत नसती." मी म्हणलं, "तू चालवायचं बग. बाकीचं आमी बगतो." तुमच्या सगळ्यांसमोर म्हणलो. मशीन आली त्या दिवशी तो कामावर आला.

तासाची मशीन थांबली की मालकाच्या पोटात दुखतं. महिनेवारीची थांबली की गावाच्या. हे मला तवा कळलं न्हाई, अंगदला कळत होतं. सकाळी तो मशीनच्या साखळीशी बसून एकेका सांध्याला ग्रीस मारायचा. अर्धा तास लागायचा. आपण काय म्हणायचो? "झाली का पूजा?" ट्रॉल्यांच्या रांगेतून हॉर्न वाजायचे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास होता, दुसऱ्यात दहा मिनिटं झाली, अन् पुढं पुढं तो जेवायला बसला तरी लोक कडेला उभे राहून त्याच्या डब्याकडं बगायचे. भाकरी खाणाऱ्या माणसाला घाई करणारं गाव हाय आपलं.

मग पाइप गळायला लागला. बूम ज्याच्या जोरावर वर राहतो, त्या तेलाचा पाइप. मशीन आधी परळीकडं राखेवर घासून निघालेली, पाइप चिरलेलाच आलता. अंगदनं मालकाला फोन केला. मालक म्हणले, किरकोळ काम हाय, तुमचं तुमी करा. समितीत विषय आला, तर समिती म्हणली, पाइप म्हणजे मोठं काम, मालकानं करावं. करारात काय लिहिलं होतं? किरकोळ दुरुस्ती गावाची, मोठी दुरुस्ती मालकाची. लिहिलं कुणी? मी. किरकोळ म्हणजे काय अन् मोठी म्हणजे काय, ते लिहिलं का? न्हाई. सुट्ट्या पैशांवरनं तीस वर्षं पॅसेंजरशी भांडलो, अन् जिथं भांडायचं होतं तिथं अर्ध्या ओळीत आटोपलं.

अंगद माझ्या घरी तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तवा हात कोपरापर्यंत तेलानं भरलेले. ओसरीला हात लागू नये म्हणून पाठीमागं धरून उभा होता. म्हणला, "काका, अर्धा दिवस द्या. केजला जाऊन पाइप बनवून आणतो. सध्या रबराची पट्टी गुंडाळून चालवतोय, पण तिचा भरवसा न्हाई." मी म्हणलं, "अंगद, पाऊस तोंडावर हाय. एवढा आठवडा रेट." त्यानं रेटला. रेटता रेटता मेला.

मशीनचे मालक आज इथं आलेत. या, साहेब, तुमी बी पुढं बसा. हार लई मोठा आणलाय तुमी. त्याच्यापेक्षा पाइप लहान होता.

आता त्या दिवसाचं सांगतो, अन् कुणी मधी बोलू नका.

अंगदचा एक नेम होता. बकेट, म्हणजे बूमच्या टोकाचं ते खोरं, जमिनीला टेकवल्याशिवाय मशीनखाली हात घालायचा न्हाई. तो मोडलेला मी कधी बगितला न्हाई, तुमी बी न्हाई. त्या दिवशी वेळ वाचावा म्हणून आपण मशीनच्या समोर अन् दोन्ही अंगांना ट्रॉल्या लावलत्या. मागं कापलेली दरड. म्हणजे बकेट टेकवायला कुठंच जागा ठेवली नव्हती. अन् पाइपातून तेलाची चिळकांडी उडाली. अंगदनं बूम तसाच वर धरला, मशीन बंद केली, खाली उतरला अन् म्हणला, "समोरची ट्रॉली मागं घ्या. बकेट टेकवू द्या."

ऐकू आलं न्हाई, असं कुणी म्हणू नका. मशीन बंद होती. तलावात बोललेलं दोन्ही काठांवर ऐकू येतं. त्यानं ते दोनदा म्हणलं.

ट्रॉली मागं घ्यायची तर तिच्या मागच्या पाच आधी मागं घ्यायच्या. कुणी हललं न्हाई. एकानं हॉर्न दिला. एकजण ओरडला, आता नंबर आला अन् आता मागं कुठं घेतो?

समोरची पहिली ट्रॉली कुणाची होती, हे चार दिवस कुणी बोललं न्हाई. माझ्या तोंडावर बोलायला जड जात असंल, म्हणून मीच सांगतो. माझी होती. ट्रॅक्टरवर मी बसलो होतो. मी म्हणलं, "पट्टीच आवळायची हाय ना? एका मिनिटाचं काम. आवळ की."

त्यानं माझ्याकडं बगितलं. अन् तो बूमखाली गेला.

का गेला? नेमाचा इतका पक्का माणूस का गेला? मी चार दिवस हेच विचारतोय स्वतःला. ज्याला दाराशी उभं राहून बोलावं लागतं, त्याला सहा ट्रॅक्टरवाल्यांना न्हाई म्हणता येत नसतं, म्हणून गेला. या गावाच्या शेतांसाठी त्यानं किती ट्रॉल्या भरल्या ते मोजलेलं न्हाई. त्यातली एकही त्याच्या घरी गेली न्हाई. गाळ टाकायला त्याला जमीनच न्हाई. वीतभर न्हाई. आपल्या रानात काळी माती पडावी म्हणून तो भूमिहीन माणूस त्या बूमखाली गेला, अन् आपण आज म्हणतो, त्याचीच चूक.

लाज वाटू द्या जरा.

मला रात्री पोरानं समजावलं. आबा, तुमी असं बोललात तर तुमीच अडकताल. अडकतो. अडकायलाच पायजे. मी काही लई मोठा सत्यवादी न्हाई. चार दिवस मी बी गप होतो, अन् ते वाक्य टपरीवर ऐकून मान बी हलवली एकदा. पण काल मीरा घरी आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणली, "काका, त्यांनी खरंच बकेट टेकवली न्हाई का? ते तर असं कधी करत नव्हते." तिला सुद्धा शंका यायला लागलीय. नवरा गेला, अन् आता त्याच्यावरचा भरवसा बी आपण तिच्याकडनं काढून घेतोय. त्याच वेळी ठरवलं, आता गप बसायचं न्हाई.

मीरा, पोरी, ऐक. सगळ्यांसमोर सांगतो. त्यानं जागा मागितली होती. दोनदा मागितली. आमी दिली न्हाई. तुझ्या नवऱ्याची काही चूक न्हाई.

बापू, तुमच्यापुढं हात जोडायची माझी लायकी न्हाई. माफी मागत न्हाई. मागितली तर तुमी देताल, अन् मी घरी जाऊन गार झोपंन. ते नको.

उद्या सकाळी दहाच्या गाडीनं मी केजला निघालोय. जे इथं बोललो, तेच जबाबात लिहून देणार हाय. करार माझा, ट्रॉली माझी, अन् "आवळ की" हे शब्द माझे. पण मी एकटा बोललो तर म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्या दिवशी तलावात आपण वीस-पंचवीस जण होतो.

सरपंच म्हणलेत, शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. राहू. दोन मिनिटं झाली की "बसा" म्हणायची पद्धत हाय. मी म्हणणार न्हाई. ज्याला वाटतं चूक अंगदची होती, त्यानं आपल्या मनानं खाली बसावं, मीराच्या देखत. अन् ज्यांनी त्याचं बोलणं ऐकलं, अन् उद्या तसं सांगायची तयारी हाय, त्यांनी उभंच राहावं.

चला, उठा.