पाकीट देतानाचा फोटो

कोर्टाच्या खिडकीपुढच्या रांगेत माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीला दम निघत नव्हता.

"ताई, दिलं! समन्सचं पाकीट त्या फोटोग्राफरच्या हातात दिलं!"

"काय सांगतेस! मला तर तो दारही उघडत नव्हता."

"उघडलं असतं तरी तू देऊन चाललं नसतं. दावा तुझा, म्हणून कागद तिसऱ्याच माणसानं द्यायचे. मी सरळ गिऱ्हाईक होऊन स्टुडिओत गेले."

"ओळखलं नाही त्यानं?"

"तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली. तो तुझे फोटो द्यायचं विसरला, मी कुठली लक्षात राहायला!"

"बरं, मग?"

"माझे चार फोटो झाल्यावर म्हटलं, दादा, एक तुमच्यासोबत. स्वारी खूश! टायमर लावला, धावत येऊन शेजारी उभा राहिला, आणि मी पर्समधून पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. खटॅक!"

"अगं बाई! म्हणजे देणारी आणि घेणारा, दोघंही फोटोत?"

"पाकिटावरच्या शिक्क्यासकट! आता म्हणू दे, मिळालंच नाही!"

"शाब्बास गं माझी वाघीण! काढ तो फोटो, खिडकीवर पुरावा मागतात."

"माझ्याकडे कुठला? त्याच्या कॅमेऱ्यात आहे."

"आणि तो देणार कधी?"

"आधीच बोललाय. आठ दिवसांत, घरपोच."

"अगं, मलाही आठच दिवस म्हणाला होता."