पार्वता वयनीची मूठ

मी आर्णीकडचा सुतार. शाळा तिसरीतच सोडली, पन हातात हुन्नर लय. लाकूड तासाचा वाकस बापानं हातात देल्ला, मोटारीचं वायंडिंग पाहून पाहून शिकलो, दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवे, निखळलेलं हाड बसवे, घरं बांधे. गाव म्हने पाच कामाचा गडी, आन मले ते आयकाले गोड लागे, खोटं कायले सांगू. बाप म्हने, लेका, एक वाकस नीट धर. मी म्हटलं, तुमाले एकच येते म्हनून म्हनता.

आता पाहा, तिफनीचं, म्हंजे तीन ओळी पेराच्या अवजाराचं, लाकूड दिवाळीत तोडा लागते, तवा ते अखजीपर्यंत, पेरनीच्या आंधी, वाळते. त्या साली दिवाळीत मी दंडारीसंगं फिरून राह्यलतो, उन्हाळ्यात मोटारी उघडून बसलो, आन देवरावले, म्हंजे माह्या जिवाच्या दोस्ताले, ओल्या बाभळीची तिफन करून देल्ली. लाकूड वाळलं, चाड्याचं, म्हंजे तिफनीवरच्या दाने सोडाच्या वाटीचं, तिसरं भोक आवळलं. ज्वारी उगवली त दोन ओळी भरलेल्या, तिसरी रिकामी, साऱ्या वावरात असंच, रस्त्यावरून दिसे.

चाड्यात दाने सोडे देवरावची बायको, पार्वता वयनी. तिची मूठ अशी मोजकी का आजूबाजूच्या गावचे लोकं पेरनीले तिलेच बलावत. आता सारे माह्याकडं पाहू लागले. मले भोक दिसलं होतं, बाप्पा, बोटानं चाचपलं बी होतं. तरी पारावर म्हटलं, तिफन चोख हाय, मूठ चुकली. झालं. मूठ चुकली त त्या बाईले पुन्हा कोनी चाडं धरू देत नाही, आमच्याकडं तसं हाय. दुसऱ्या सालापासून वयनी तन निंदाले गेली, पेरनीले नाही. देवराव मरेपर्यंत माह्यासंगं चहा पेला, त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही.

काय सांगू तुमाले, आता हात थरथरते, पाची कामं सुटली, तवा कुठं परवा तिच्या वट्यावर गेलो. म्हटलं, वयनी, मूठ नव्हती चुकली, भोक चुकलं होतं. वयनी तूर पाखडून राह्यलती. म्हने, मले मालूम हाय, मी बी बोट घालून पाह्यलतं. मी म्हटलं, मंग बोलल्या काहून नाही? तिनं सूप थांबवलं नाही. म्हने, बोलली होती मी घरधन्याजवळ, ते म्हनले, जाऊ दे, दोस्त हाय. भाऊजी, तुमच्यापाशी पाच हुन्नर होते, एक गेला असता त चार उरले असते. माह्यापाशी एकच होता.

तसाच पारावर गेलो, सारं सांगितलं. आयकनारे जुने मेले, पेरनी ट्रॅक्टरनं होते. एकजन म्हने, बाबा, चाडं म्हंजे काय?

तुमी तरी लिहून ठेवा. पार्वता वयनीची मूठ चोख होती.