आखाजीच्या संध्याकाळच्या पुऱ्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष कर्नलसाहेब, सत्कारमूर्ती कॅप्टनसाहेब, आमचं बोलणं इंग्रजीत नि साहेबांचं बोलणं आमच्या भाषेत आणण्याचं काम करणारे सुभेदार बन्सीलाल, व्यासपीठावरची थोर मंडळी, खांडबाऱ्याचे व्यापारी बंधू, डेपोतले जवान, आणि पडद्यापलीकडे बसलेल्या माताभगिनींनो,

मी खेमराज. या लष्करी डेपोला दाणागोटा पुरवणारा ठेकेदार. आभार मानायला मला उभं केलं, कारण आमच्या निरोप समितीचं असं मत आहे की मी लांब बोलतो आणि कोणाला दुखावत नाही. यातल्या पहिल्या भागाला मी आज जागणार आहे.

कॅप्टनसाहेब बढतीवर चालले. त्यांच्यावरच्या आरोपाच्या चौकशीचा शेवटचा दिवस उद्या आहे आणि निरोप समारंभ आज आहे. क्रम जरासा उलटा झाला. पण वेळेआधी तयार राहणं ही लष्कराची शिस्तच असते, असं सुभेदारसाहेबांनी मला समजावलं. चौकशी करणारे कर्नलसाहेबच आज अध्यक्ष आहेत, म्हणजे त्यांना दोनदा प्रवास नको. ही सोयही कोणाला तरी सुचली, त्यांचे मी आधी आभार मानतो.

आरोप काय, हे इथे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आमच्या गल्लीतले निजामभाई शिंपी, त्यांची मुलगी नजमुन्निसा लष्कराच्या बायकांच्या दलात भरती झाली. डेपोच्या टेलिफोनवर बसते. इंग्रजी असं बोलते की पलीकडचा साहेब तिला मेमसाहेब समजतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी बाकीच्या मुली माहेरी झोके घ्यायला जाणार, म्हणून त्यांची पाळी हिने आपल्याकडे घेतली. त्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, कॅप्टनसाहेबांनी टेलिफोनच्या खोलीला आतून कडी लावली आणि आपल्यावर बळजबरी केली, असं तिचं म्हणणं आहे. सुभेदारसाहेब, तुम्ही थांबलात. पाणी हवं का? घ्या. मला घाई नाही.

तिने तक्रार केली. तिला विचारलं, ओरडली का नाहीस. तिला विचारलं, त्या दिवशी दुसऱ्याची पाळी मागून का घेतलीस. तिला सांगितलं, पलटणीच्या अब्रूचा विचार कर. ही पलटणीची अब्रू मोठी नाजूक वस्तू दिसते. कडी लागली तेव्हा या अब्रूला काही झालं नाही, मुलीने तोंड उघडल्यावर मात्र तडा गेला.

आणि नवल काय सांगू, डेपोत तशी खबरदारी पहिल्यापासून होती. नवी मुलगी भरती झाली की जुन्या मुली तिला सांगायच्या, साहेबांच्या खोलीत एकटीने जाऊ नकोस, फोनची चिठ्ठी द्यायची असली तर शिपायाच्या हाती दे. जवान सांगायचे, साहेबांचा स्वभाव मोकळा आहे. शहाणी सूचना होती, पण ती प्रत्येक मुलीला मिळाली, साहेबांना कोणीच दिली नाही. यापूर्वी एक मुलगी रडत नोकरी सोडून गेली, तेव्हा तिला इथली हवा मानवली नाही असं ठरलं. हवेने काही हरकत घेतली नाही.

निजामभाई माझ्या दुकानात आले. तीस वर्षं आमच्या घरचे कपडे शिवतात, कधी बसत नाहीत, त्या दिवशी बसले. म्हणाले, "शेठ, पोर रडत नही, काय बोलत नही. मशीनजवय बसी ऱ्हास. मी काय करू?" मी काय सांगणार? मी म्हणालो, चौकशी होते आहे, साहेब लोक न्यायी असतात. ते म्हणाले, "चौकशी मन्ही पोरनी चाली ऱ्हायनी, शेठ." मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. पण ठेकेदाराचा राग दुकानाच्या उंबऱ्याच्या आत राहतो, तसा तोही राहिला.

मग खुद्द कॅप्टनसाहेब दुकानात आले. हे माझं भाग्य. त्यांच्या हिंदुस्थानीत म्हणाले, "शेठ, आखाजी की शाम हम तुम्हारे घर में था. दिया जलने के बाद खाना खाया, देर तक बैठा. याद रखना." मी म्हणालो, याद रखूंगा. आणि बघा, ठेवलं आहे.

आत्ता आपण सर्वांनी ऐकलंच. निरोपाला उत्तर देताना साहेब म्हणाले, खांडबाऱ्याचं प्रेम विसरणार नाही, विशेषतः आखाजीच्या रात्री शेठजींच्या घरच्या कढईतल्या गरम पुऱ्या. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप गेले. पण वाजवताना पाहिलं तर आमच्या समाजाचे सुभाषचंदजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे हात मांडीवर होते. का होते, ते कर्नलसाहेबांना कळायला हवं. सुभेदारसाहेब, एवढं नीट सांगा.

आम्ही जैन माणसं. दिवस मावळला की आमच्या घरात अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. चूल विझते ती दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पेटते. पाहुणा मोठा असो, हाकिम असो, त्याला दिवसा जेवायला बोलावतो किंवा हात जोडतो. आणि ही आखाजी तर आमच्या घरी साधी नव्हती. माझ्या मातोश्री छोटीबाई यांनी वर्षीतप केला होता. वर्षभर एक दिवस जेवण, एक दिवस उपास. त्याचं पारणं आखाजीच्या सकाळी उसाच्या रसाने झालं. सारा समाज दारात होता. कॅप्टनसाहेबही आले होते, हे मी मान्य करतो. रसाचा पेला घेतला, आईला नमस्कार केला, आणि गेले. उन्हं होती. त्या दिवशी आईने सूर्यास्ताच्या आधीच स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली, कारण नातवंडं पारण्याच्या लाडवांवर टपून होती.

मी आईला विचारलं, साहेब म्हणतात रात्री आपल्याकडे पुऱ्या खाल्ल्या. आई मारवाडातली, पण भांडायचं झालं की अहिराणीत भांडते. म्हणाली, "दिन बुडना मंग आपला चुल्हा कव्हय पेटना रे? वरीसभर तप कया मी, ते काय त्याना खोटानी साक्ष देवाले?"

तेव्हा अध्यक्षमहाराज, माझी अडचण अशी आहे. उद्या मला चौकशीत विचारतील. मी हो म्हणालो, तर ठेका राहतो आणि माझ्या आईचं तप मोडतं. आमच्या समाजाच्या प्रत्येक घरात ही गोष्ट जाईल, की खेमराजच्या घरी आखाजीला रात्री कढई चढली. साहेबांनी एखाद्या मुसलमान मित्राचं घर सांगितलं असतं, एखाद्या पाटलाचं सांगितलं असतं, तर निभावलंही असतं. पण या गावात रात्री पुरी मिळणं अशक्य आहे अशी मोजकी घरं, त्यांतलंच एक त्यांनी निवडलं. आमच्याकडे इतकी वर्षं येऊन-जाऊन आम्ही कसे जगतो एवढंही त्यांना कळलं नाही, याचं मला दुःख आहे.

कॅप्टनसाहेब त्या संध्याकाळी माझ्या घरी नव्हते. हे मी उद्या सांगेन, आई सांगेल, सुभाषचंदजी मान हलवताहेत म्हणजे तेही सांगतील.

सुभेदारसाहेब? तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. कर्नलसाहेब तुमच्याकडे बघताहेत. मी पुन्हा सांगू का? नाही, तुम्हाला समजलंय. तुम्हालाही मुली पोसायच्या आहेत, म्हणून तुमच्यावर मी रागावत नाही, पण हे इंग्रजीत गेलं नाही तर मी उगाच घसा कोरडा केला.

पडद्याशी कोण उठलं? नजमुन्निसाबाई, तुम्ही बसा. हे ओझं तुमचं नव्हे, इंग्रजीत सांगायला दुसरं कोणी तरी सापडेल... नाही म्हणता? बरं. वाट द्या त्यांना. निजामभाई, तुम्हीही या पुढे, उभे राहा मुलीजवळ.

कर्नलसाहेब, सुभेदारांनी जे राखून ठेवलं ते आता या इंग्रजीत सांगतील. अक्षर गाळणार नाहीत, रोज तेच काम करतात.

आयोजकांचे, मंडप घालणाऱ्यांचे, आपणा सर्वांचे आभार. बोलताना माझ्याकडून कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घालून मला क्षमा करावी. मी आता बसतो. यापुढचं बोलणं तिचं आहे, आणि ते संपेपर्यंत कोणी उठू नये.