कोळंबीचं पाणी

माझ्या फिशटँकले हसून राहिले ना तुम्ही, मग हे ऐकाच. खाऱ्या पाण्यातले माझे कोरल शेवाळानं पार झाकून गेले होते. कारण एकच, पाण्यात फॉस्फेट वाढलेलं. मी पाणी बदललं, महागडा फिल्टर लावला, तरी टेस्ट केली की रंग गडद निळाच, म्हणजे फॉस्फेट तेवढंच.

तेवढ्यात नरखेडहून सासरे आले. सारा जन्म संत्र्याच्या बगिच्यात गेलेला, समुद्र कधी पाहिला नाही. मी माशांले गोठवलेली कोळंबी टाकून राहिलो होतो, वितळलेल्या पाण्यासकट. माझं फॉस्फेटचं रडगाणं ऐकत त्यांनी कोळंबीची वाटी नाकाशी नेली.

"जवाईबापू, फॉस्फेट म्हणजे आमचं खतच ना?"

"हो."

"मग हे मासोळीचं खत रोज आपल्याच हातानं टाकता, अन् तण काहून वाढते म्हणता?"

मी लगेच कोळंबी चाळणीत धुतली. ते पाणी सिंकमध्ये ओतणार, तर सासऱ्यांनी हात धरला अन् बाल्कनीतल्या लिंबाच्या कुंडीत ओतायले लावलं.

तेव्हापासून रोज तसंच करतो. फॉस्फेट उतरलं, कोरल मस्त फुलले. पण पाहुणे आले अन् मी टँकचा लाइट लावला, की बायको त्यांले मधातच बाल्कनीकडे वळवते, "आधी माझ्या बाबाचे लिंबं पाहा!"