ओला सेल

मंडळी, ऐका. आज एवढंच विचारायचंय, ओलं म्हणजे काय? हसू नका, पखवाजवाले. बोरखेडीच्या शाळेत या प्रश्नानं एका मास्तरांची झोप उडवली होती.

मास्तर म्हणजे दिगंबर घोडके. शाळेत दोन बादल्या आल्या. हिरवी ओल्या कचऱ्याची, निळी सुक्याची. पोरांना समजवायचं काम सरांकडे आलं. सर म्हणाले, "ओलं ते हिरव्यात, सुकं ते निळ्यात. सोपं आहे."

चौथीतली तनुजा उठली. "सर, ही वाळलेली भाकरी?"

"सुकी. निळ्यात."

"मोठ्या बाई म्हणाल्या, भाकरी कुजते, म्हणून ती ओली."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सर म्हणाले, "बरं, ओली."

"आणि ही दुधाची पिशवी? टपकतेय अजून."

सरांनी पिशवीकडे पाहिलं. पिशवीनं सरांकडे. "बाई काय म्हणतात?"

"सुकी."

आता सांगा – वाळली ती ओली, टपकते ती सुकी! एखादा वेदान्ती असता तर पोथी बांधून घरी गेला असता. सरांना जाता येईना, पाचचा टोल व्हायचा होता. पोरांनी आपला मार्ग काढला. कुणी केळीची साल उन्हात वाळवून निळ्यात टाकली, कुणी कागद नळाखाली धरून हिरव्यात. एकानं स्वतःचं डोकं भिजवलं आणि विचारलं, "सर, मी कुठं बसू?"

अशात वर्गातलं घड्याळ बंद पडलं. सरांनी त्यातला जुना सेल काढला, तो निसटून थेट त्यांच्या ताकाच्या पेल्यात. सरांनी तो बाहेर काढला, निथळला, विचार केला. ओला आहे. हिरव्यात.

मंडळी, हिरवी बादली जाते खतखड्ड्यात. खत जातं परसबागेतल्या मेथीला. मेथी जाते दुपारच्या खिचडीत. आणि खिचडी? – बरोबर, आजी. पोरांच्या पोटात.

काही दिवसांनी परिपाठाला मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या मेथीला खत घालायचं. आणि सेल कुठल्याच बादलीत नको, त्यात विष असतं. त्यासाठी हा लाल डबा." सरांनी लाल डब्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खतखड्ड्याकडे.

शाळा सुटल्यावर सर हातमोजे चढवून खड्ड्याशी बसले आणि खुरप्यानं उकरू लागले. तनुजा कुंपणापाशी थांबली.

"काय शोधताय, सर?"

"काही नाही."

"मग ते सापडल्याचं कसं कळणार?"

सर खुरपं चालवत राहिले. मग म्हणाले, "सेल टाकलाय गं मी यात."

तेवढ्यात सेल लागला. सरांना हायसं वाटलं. पुन्हा खुरपं मारलं, तर दुसरा. मग तिसरा, गंजून फुटलेला.

"अगं, मी एकच टाकला होता."

"हो सर. बाकीचे आमचे, घरून आणलेले. तुम्ही आधी ताकात बुडवलात, मग टाकलात. आम्ही बघितलं ना. ताक नव्हतं, म्हणून आम्ही पाण्यात बुडवले."

सरांनी तसंच जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. ते खत मेथीला गेलं नाही. पोत्यात बांधून, वर 'घातक' लिहून, वेगळ्या गाडीनं गेलं. दुसऱ्या दिवशी सर पोरांपुढं उभे राहिले. "पाण्याचा काही संबंध नाही. कुजतं ते ओलं, कुजत नाही ते सुकं, इजा करतं ते लाल डब्यात. मलाच कळलं नव्हतं."

तर ओलं म्हणजे काय, ते सुटलं. पण मंडळी, तुम्ही काही टाकता तेव्हा बघतं कोण? माझ्या या माइकचा सेल संपत आलाय, आवाज चिरकतोय. तो मी कुठं टाकतो, हे पुढच्या रांगेतली पोरं टक लावून बघतायत. म्हणूनच आख्यान इतकं लांबवलं मी. तुमच्या गावात लाल डबा कुठं आहे, सांगेल का कुणी?